तीन भाषांतली एकच तक्रार

“मुलीला एडीएचडी आहे,” नागपूरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

एडीएचडी म्हणजे अटेंशन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. हवं तिथं लक्ष धरून ठेवणं, अंगातली चुळबुळ आवरणं, मनात आलं तरी क्षणभर थांबणं, ही कामं काही मुलांच्या मेंदूला वयाच्या मानानं फार जड जातात. त्याला हे नाव आहे. आज मी हे सरळ लिहू शकते. त्या दिवशी मात्र मला फक्त ते टोपण दिसलं. आमच्या खात्यातले साहेब निकाल लिहून झाला की असंच टोपण लावतात, आणि त्यानंतर कुणी काही बोललेलं त्यांना ऐकू येत नाही.

मी तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्यात महसूल खात्यात कारकून आहे. घर मावल्याला, नोकरी तामसीच्या बाजूला, मधे बस. माझी वर्षं जमिनीचे पट्टे आणि दाखले तपासण्यात गेली. कागदावर मोठा शिक्का दिसला की मी आधी त्याची तारीख बघते. त्यामुळे डॉक्टरबाई बोलत होत्या तेव्हा मी त्यांच्या भिंतीवरची प्रमाणपत्रं वाचत होते. खोटं काही सापडलं नाही. जरा वाईटच वाटलं.

“पण रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत,” मी म्हणाले.

“म्हणूनच,” त्या म्हणाल्या.

आमच्याकडे रिपोर्ट नॉर्मल आला की माणूस बरा आहे असं धरतात आणि येताना पेढे आणतात. मशीन म्हणतं काही नाही, आणि बाई म्हणतात आहे. माझ्या मते यात बाईंनी माघार घ्यायला हवी होती.

मैत्री, माझी मुलगी, तेव्हा आठ वर्षांची, तिसरीत. ती कोपऱ्यातल्या माशांच्या काचपेटीला नाक लावून उभी होती. तिच्याशेजारी माझा नवरा मिलिंद, तोही वाकून. मुलीच्या आजाराचं नाव सांगितलं जात होतं आणि बापलेक कुठला मासा कुणाच्या मागे लागलाय ते बघत होते. डॉक्टरबाईंनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि मग माझ्याकडे.

“त्यांचं लहानपण कसं होतं, कुणाला माहीत असेल?”

मी म्हटलं, सासूबाईंना विचारते. मला हा प्रश्न खाजगी वाटला.

आता सुरुवातीपासून सांगते. ज्यांच्या घरी असं मूल आहे, त्यांनी माझ्यासारखा उशीर करू नये म्हणून.

मैत्रीला आम्ही आधी तेलुगू माध्यमाच्या शाळेत घातलं होतं. घरात मराठी, तीही आमच्याकडची, वऱ्हाडीला लागून असलेली. पण राज्याची भाषा पोरीला यावी, पुढे कचेरीत कुणाच्या तोंडाकडे बघत बसावं लागू नये, हा माझा हिशोब. पहिल्याच वर्षी टीचरनं बोलावून सांगितलं, “ध्यास लेदु.” म्हणजे लक्ष नाही. हाक मारली तर ऐकत नाही, उठून खिडकीशी जाते, निम्मं लिहून सोडते, पाटी-पेन्सिल हरवते.

मी घरी येऊन सांगितलं तर सासूबाई उसळल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्यांचं अर्धं आयुष्य लोकांच्या शेतात कापूस वेचण्यात गेलं. शाळेबद्दल त्यांना आदर आहे, शिक्षकांबद्दल नाही.

“तेलगू पोट्ट्यायच्या मंधात नेऊन बसवली,” त्या म्हणाल्या. “कावरीबावरी नाई होईन त काय करीन?”

ते मला पटलं. मलाच काय, आमच्या सगळ्या गल्लीला पटलं. आमच्या भागात मुलाचं काही बिनसलं की दोष भाषेचा. मूल बोलत नाही, भाषा वेगळी पडते. मूल फार बोलतं, भाषा वेगळी पडते. वर्षानुवर्षं हेच औषध आम्ही एकमेकांना देत आलो आहोत, आणि बऱ्याच वेळा ते लागूही पडतं. त्यामुळे त्याच्यावर संशय घ्यायचं मला सुचलं नाही. बाकी सगळ्यांवर मी घेत होते.

शाळा बदलली. ही इंग्रजी माध्यमाची. तिच्या नावात टेक्नो होतं, ग्लोबल होतं, आणि फाटकावर पृथ्वीचा गोल होता. आत पत्र्याखाली उकडत होतं. तिथल्या मिसनं वहीत लिहून पाठवलं की चाइल्ड इज नॉट अटेंटिव. म्हणजे तेच. मी मिलिंदला म्हटलं, घरात कोण इंग्रजी बोलतं? तिला काय कळणार?

याच शाळेत बालमानसाचे तज्ज्ञ आले. हैदराबादहून, गाडीत. त्यांना शाल दिली, गुच्छ दिला, दिवा त्यांच्याकडून लावून घेतला, तो दोनदा विझला. मग त्यांनी मुलांच्या दहा बोटांचे ठसे एका यंत्रावर घेतले. ठशांवरून मेंदूची डावी-उजवी बाजू कळते म्हणे. आम्हाला एक जाड, गुळगुळीत रंगीत पुस्तिका मिळाली. “मॅडम, आपकी बेटी बॉर्न लीडर है,” ते म्हणाले. फक्त मेंदू जास्त तापतो, त्यासाठी एक पावडर दुधातून द्यायची, ती त्यांच्याकडेच मिळते.

मी रोज कचेरीत शेतकऱ्यांचे अंगठे घेते. इतके अंगठे घेतले, पण कुठल्याच अंगठ्यानं मला सांगितलं नाही की हा पुढे कलेक्टर होणार आहे. पावडर मी घेतली नाही. पण नुकसान व्हायचं ते झालंच. त्या दिवसापासून “बालमानस” हा शब्द कुणी उच्चारला की मला तो दोनदा विझलेला दिवा दिसायचा. खऱ्या डॉक्टरकडे जायला मी वर्षभर उशीर केला, त्याला हाही गृहस्थ कारण आहे. अशा लोकांचं मोठं पाप हेच, की ते गेल्यावर खरं सांगणाऱ्यावरही विश्वास बसत नाही.

तिसरी शाळा मराठी माध्यमाची, आदिलाबादमध्येच. मी मनाशी म्हटलं, आता भाषेचा प्रश्न संपला. तिथले सर मुधोळकडचे, आमच्यासारखंच बोलणारे. पहिला महिना सरायच्या आत त्यांचा फोन आला.

“मॅडम, पोट्टी हुशार हाय. पण ध्यान नाई तिचं.”

मी फोन हातात धरून बसस्टँडवर उभी राहिले. ही तक्रार समजायला मला भाषांतर करावं लागलं नव्हतं.

तरी मी लगेच शहाणी झाले नाही. सरांना काय कळतं, असा विचार आधी आला. विहारात तर ती रविवारी वंदनेला अगदी मांडी घालून, डोळे मिटून बसते, सगळे कौतुक करतात. मी तिला विचारलं, डोळे मिटून काय करतेस? ती म्हणाली, आजी झोपली का ते एका डोळ्यानं बघते, मग पंख्याचे फेरे मोजते, मग विसरते, मग पुन्हा मोजते. ते कौतुक मी नंतर कुणाला सांगितलं नाही.

सरांना भेटायला गेले तर त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, त्यांचं निदान. “आमच्या येळी असं काई नव्हतं. दोन चापटा मारल्या का ध्यान जागेवर.” आणि दुसरी, त्यांचा उपाय: सहामाहीपर्यंत बघू, नाहीतर तिला दुसरीच्या पोरांत बसवू, पाया पक्का होईल.

दुसरी गोष्ट मला झोंबली. पण त्याहून जास्त झोंबलं ते वर्गाच्या दारातून जे दिसलं ते. सरांनी गणित सांगितलं आणि विचारलं, समजलं? सगळ्यांबरोबर मैत्रीनं मान हलवली. जोरात, इतरांच्या आधी. तिच्या वहीत एक अक्षर नव्हतं.

मग मला आठवायला लागलं. तेलुगू शाळेत ती सगळ्यात आधी एकच शब्द शिकली होती, “अर्थमैंदी,” समजलं. इंग्रजी शाळेत, “येस मिस.” इथं, “समजलं सर.” तीन भाषांत ती मान हलवायला शिकली होती. एक वर्ष मागे पडण्याची मला भीती नव्हती. आमच्या घराण्यात शिकायला एक पिढी उशीर झाला, त्यात एका वर्षाचं काय. भीती ही होती की हे पोर आयुष्यभर न कळलेल्या गोष्टीला मान हलवत राहील, आणि मनातून स्वतःला ढ समजत राहील.

त्या दुपारी घरी तिला जवळ घेऊन विचारलं, काऊन असं करते गं?

ती फरशीवर पायाच्या अंगठ्यानं रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, “आई, मी मुद्दाम नाई करत. मी आयकूनच राह्यली असते. मंग कुठं जाते ते मलेच समजत नाई.”

आदिलाबादच्या बालरोगतज्ज्ञांनी आम्हाला नागपूरला, बालमानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. पहिल्या खेपेला डॉक्टरबाईंनी मुलीला तपासलं, वजन-उंची घेतली आणि तीन ठिकाणी पाठवलं. ऑडिओमेट्री, म्हणजे कानाला यंत्र लावून ऐकू किती येतं ते बघणं. डोळ्यांची तपासणी. आणि रक्त, त्यात हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. मी लगेच मनाशी टिपलं की तिन्ही ठिकाणं एकाच रस्त्यावर आहेत. बाईंनी बहुतेक माझा चेहरा वाचला. म्हणाल्या, तुम्हाला हवं तिथून करून आणा, मला फक्त एवढं बघायचं आहे की तिला ऐकू येतं, दिसतं, आणि अंगात रक्त आहे. मूल दुर्लक्ष करतं असं म्हणायच्या आधी त्याला ऐकू येतं ना हे विचारावं, इतकंच.

आम्ही आदिलाबादहून केलं. ऑडिओमेट्रीच्या खोलीबाहेर बाकावर मैत्री चार वेळा उठली, पाण्याच्या टाकीची तोटी उघडून बंद केली, एका आजोबांना त्यांची काठी कुठून आणली ते विचारलं आणि उत्तर पूर्ण व्हायच्या आधी दुसरा प्रश्न विचारला. कान मात्र उत्तम निघाले. मिलिंद म्हणाला, चला, सुटलो.

दुसऱ्या खेपेला ते टोपण. पण टोपण लावायच्या आधी एक संभाषण झालं होतं, ते खरं निदान.

बाईंनी विचारलं, तीन शाळा का? मी माझं भाषेचं सगळं नीट मांडलं. तेलुगूत कसं अवघड, इंग्रजीत कसं, घरात काय बोलतो. मला बोलताना वाटलं, आता ह्या प्रभावित होतील.

“तिन्ही शाळांनी तक्रार काय केली?”

मी सांगितली. तेलुगूत, इंग्रजीत, मराठीत. तिसरी सांगता सांगता माझा आवाज खाली आला.

“भाषेची अडचण असती तर भाषा बदलल्यावर तक्रार बदलली असती,” बाई म्हणाल्या. “घरी काय होतं?”

घरी तेच होतं. चप्पल घालायला गेली की चप्पल सोडून मुंगळ्याच्या मागे. जेवताना दोनदा उठणार. कंपासपेटी किती हरवल्या ते मी मोजणं सोडलं होतं. मी शेवटचा बचाव केला. कार्टून तर तासभर हलत नाही, चित्र काढायला बसली तर जेवण विसरते. लक्ष नसतं तर हे कसं?

बाई म्हणाल्या, “लक्ष नसतं असं नाही. ते हवं तिथं नेता येत नाही आणि हवं तेव्हा काढून घेता येत नाही. आवडीच्या कामात ते आपोआप लागतं. तुम्ही नावडीच्या कामात बघा.” मग म्हणाल्या, मुलगे वर्गात पळतात, बाकावर चढतात, म्हणून ते लवकर सापडतात. पुष्कळ मुली खिडकीकडे बघत बसतात आणि मान हलवतात. त्यांची पाळी उशिरा येते.

म्हणून सांगते, एखाद्या दिवसाच्या मस्तीवरून ठरवू नका, आणि शेजारणीच्या सांगण्यावरूनही नको. सगळीच मुलं हुंदडतात. पण तीच गोष्ट शाळेतही होते, घरीही होते, महिनोन्‌महिने होते, लहानपणापासून होते आणि तिच्यामुळे पोराचं अडतं, असं असेल तर डॉक्टरकडे जा. नाव देण्याचं काम त्यांचं. ज्यांच्याकडे रंगीत पुस्तिका आहे त्यांच्याकडे जाऊ नका.

घरी आल्यावर आत्याबाईंना मी मिलिंदच्या लहानपणाचं विचारलं. त्यांना वाटलं मी माहेरी सांगायला काही गोळा करते आहे. तरी बोलल्या. याला आठवडी बाजारात कितीदा हुडकायला गेले, बैलाच्या पाठीमागे दुसऱ्याच गावाला निघाला होता, एकाच वर्षी दोन दप्तरं हरवली. मिलिंद ऐकत होता. म्हणजे सुरुवातीला ऐकत होता. बाईंनी सांगितलं होतं की हे पुष्कळदा घराण्यात चालतं. त्या दिवशी गाडीची किल्ली गाडीलाच राहिली होती, ती शेजाऱ्यानं आणून दिली.

औषधाला मी नाही म्हटलं. बाईंनी वाद घातला नाही, आधी दुसरं करून बघू म्हणाल्या, त्यामुळे माझा संशय आणखी वाढला. दुसरं म्हणजे पेरेंट ट्रेनिंग, आईबापांना शिकवणं. आजारी ती आणि शिकवणी मला. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. जवळ जाऊन, तिच्या डोळ्यांसमोर. “स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलेलं सांगितलं असं धरू नका,” बाई म्हणाल्या. माझं निम्मं मातृत्व स्वयंपाकघरातूनच चाललं होतं. अभ्यासाचे लहान तुकडे, मधे उठायची मुभा. आणि सगळ्यात अवघड नियम: सांगून झाल्यावर विचारायचं, काय सांगितलं? “नाही ऐकलं” असं उत्तर आलं तर रागवायचं नाही. पुन्हा सांगायचं. खोटं हो म्हणाली तर मात्र पुढे जायचं नाही.

पहिले काही दिवस ती “हो” म्हणायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. फसवणूक आहे का हे ती तपासत होती. संशय तिनं माझ्याकडूनच घेतला असावा. मग एकदा तिनं हळूच म्हटलं, “नाई आयकलं.” मी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी काहीच केलं नाही, हे तिला फार विचित्र वाटलं.

घरी थोडं सुधारलं, शाळेत नाही. मग औषधाला हो म्हटलं. मिथाइलफेनिडेट, म्हणजे लक्ष धरून ठेवणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेला हात देणारी गोळी. कमी मात्रेत, बाईंच्या देखरेखीखाली, वजन, नाडी आणि रक्तदाब बघत. ती डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय मिळत नाही आणि मिळू नये. आमच्या गावातल्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी वाचली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नाही म्हणाला. मी गांजा मागितल्यासारखं. दर महिन्याला ती नागपूरहून आणावी लागते.

आत्याबाईंनी जाहीर केलं, “पोट्टीले झोपवून ठेवतेत आता.” मीही तेच धरून बसले होते. गोळी घेतल्यावर मी पोलिसासारखी तिच्यामागे. ती झोपली नाही. दुपारी जेवली कमी, तेव्हा मला दोष सापडल्याचा आनंद झाला, तसा फोनही केला. बाईंनी शांतपणे सांगितलं की असं होतं, सकाळी गोळीच्या आधी भरपूर खाऊ घाला, संध्याकाळी भूक लागेल तेव्हा पुन्हा. तसंच झालं. डॉक्टर लोक या गोळीला चष्म्याची उपमा देतात. मला ती मान्य नाही, चष्म्यानं जेवण कमी होत नाही. पण एका संध्याकाळी तिनं मला शाळेतली एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली, मधे कुठेही न जाता. मला गोष्ट आठवत नाही. मी ती कुठे निसटते हेच बघत होते.

गोळीनं पोर बदललं नाही. कंपासपेट्या अजून हरवतात. मुंगळ्यांचंही चालू आहे. पुढेमागे गोळी बंद करता येईल का, ते बाई बघतील. मीही बघेन, त्यांच्यापेक्षा जास्त बारकाईनं.

सरांना मी बाईंचं पत्र दिलं. त्यांनी ते दूर धरून वाचलं, आमच्या कचेरीत मी वाचते तसं, आणि घडी घालून खिशात ठेवलं. पहिल्या बाकावर बसवलं मात्र. फळा पुसायचं काम तिच्याकडे दिलं, म्हणजे उठायला कारण मिळालं.

सहामाही तोंडावर आली आणि त्यांचा फोन आला. मी कचेरीत होते. समोर रांग. त्यांचं नाव बघून मी मनाची तयारी केली, दुसरीचा वर्ग कुठल्या खोलीत भरतो तेही आठवलं.

“मॅडम, तुमची पोट्टी लय तरास देऊन राह्यली,” सर म्हणाले. “मी शिकवून राह्यलो का हात वर करते. म्हणते, सर, माझं ध्यान गेलं होतं, पुन्हा सांगा. भर वर्गात. सारे पोट्टे हासतेत. काल त दुसऱ्या एकानं बी हात वर केला, म्हणे माझं बी गेलं.”

मी समोरच्या रांगेला हातानं थांबवलं. मग विचारलं, “मग तुम्ही पुन्हा सांगितलं का, सर?”

“सांगतलं. काय करता.”

“आणि गणित?”

मागे वर्गाचा कालवा ऐकू येत होता.

“गणित केलं म्हणा तिनं.”

“मग दुसरीत बसवायची का?”

“राहू द्या इथंच,” सर म्हणाले. “पण तिले एक सांगा मॅडम. तासाले एकदाच विचारत जाय म्हणा.”

मी हो म्हणाले, त्यांचे आभार मानले, मनापासून. तिला मात्र काही सांगितलं नाही.